डेव्ह ड्युअरसनचा मेंदू आणि आपले कबड्डीपटू

गेल्या महिन्यात जत्रेतली कबड्डी संपल्यावर एका पोराला त्याचे दोघे मित्र दवाखान्यात घेऊन आले. पौडच्या पलीकडच्या गावातला, उजवा कोपरारक्षक. चढाईपटूची पकड करताना समोरच्याचा गुडघा याच्या कानशिलावर बसला होता. "काही नाही डॉक्टर, थोडी चक्कर आली, पुढचा सामना खेळला की," असं तो सांगत होता. स्कोअर विचारला तर त्याला आठवेना. त्याला तपासत असताना मला एक अमेरिकन खेळाडू आठवत राहिला. त्याची गोष्ट तुम्हाला सांगतो.

डेव्ह ड्युअरसन हा अमेरिकन फुटबॉलमधला बचावपटू. या खेळात नावापुरताच पाय वापरतात. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी त्याला अंगावर जाऊन पाडायचं, असा तो खेळ. ड्युअरसनची जागा 'सेफ्टी'ची, म्हणजे बचावाच्या सगळ्यात मागच्या फळीत. पुढचे सगळे चुकले की धावत येऊन धडक द्यायची ती यानेच. आपल्याकडे चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावताना साखळी जशी त्याच्यावर तुटून पडते, तसंच काहीसं, फक्त अंतर जास्त आणि वेगही जास्त.

१९६० साली इंडियाना राज्यातल्या मन्सी गावी त्याचा जन्म झाला. नोत्र दाम विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेऊन १९८३ मध्ये तो शिकागो बेअर्स संघात आला. १९८५ च्या हंगामातला त्या संघाचा बचाव आजही अमेरिकेत दंतकथेसारखा सांगतात. जानेवारी १९८६ मध्ये त्यांनी अंतिम सामना ४६-१० असा जिंकला. पुढे न्यूयॉर्क जायंट्सकडून त्याने दुसरं विजेतेपदही मिळवलं. एकूण अकरा हंगाम तो व्यावसायिक फुटबॉल खेळला. खेळाबाहेरच्या समाजकार्यासाठी १९८७ चा मोठा पुरस्कारही त्याला मिळाला. निवृत्तीनंतर तो मांसप्रक्रियेच्या धंद्यात उतरला. तिथेही सुरुवातीला जम बसला. हुशार आणि नीटनेटका माणूस, असं त्याला ओळखणारे सांगत.

मग एकेक गोष्ट निसटायला लागली. धंदा बुडाला. पत्नीला मारहाण केल्याचं प्रकरण झालं, विद्यापीठाच्या विश्वस्तपदाचा राजीनामा द्यावा लागला, संसार मोडला. डोकेदुखी, अंधुक दिसणं आणि विसरभोळेपणाही सुरू झाला. एका गोष्टीने मात्र मी दर वेळी थबकतो. याच काळात तो खेळाडूंच्या निवृत्तिवेतन आणि अपंगत्वाच्या दाव्यांवर निर्णय देणाऱ्या सहा जणांच्या मंडळात होता. खेळामुळे मेंदू गेला म्हणणाऱ्या जुन्या खेळाडूंचे कागद त्याच्यासमोर येत. २००७ मध्ये अमेरिकी सिनेटपुढे साक्ष देताना, असा आजार खेळाशी सहज जोडता येत नाही, अशा सुरात तो बोलला. माझ्या वडिलांनाही स्मृतिभ्रंश आहे आणि ते कधी व्यावसायिक खेळ खेळले नाहीत, असा दाखलाही दिला.

१७ फेब्रुवारी २०११ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्याने आपलं आयुष्य संपवलं. माझा मेंदू तपासणीसाठी द्या, असं तो लिहून ठेवून गेला. त्याच वर्षी मे महिन्यात बॉस्टन विद्यापीठाच्या डॉ. अ‍ॅन मॅकी यांच्या तपासणीचा निष्कर्ष जाहीर झाला: सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांनी मेंदूची हळूहळू होत जाणारी झीज.

हा आजार काही नवा नाही. १९२८ मध्येच हॅरिसन मार्टलंड या अमेरिकी डॉक्टरने झिंगल्यासारखे चालणारे मुष्टियोद्धे पाहून त्यावर लिहिलं होतं. फुटबॉलपटूच्या मेंदूत तो सापडायला मात्र २००२ उजाडलं. पिट्सबर्गमध्ये डॉ. बेनेट ओमालू यांनी माइक वेबस्टर या खेळाडूचं शवविच्छेदन केलं तेव्हा. यात टाऊ नावाचं प्रथिन मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचत जातं. राग अनावर होणं, उदासी, विसरणं ही लक्षणं दिसायला वर्षं लागतात. जिवंतपणी याचं पक्कं निदान करणारी तपासणी आजही नाही. त्यामुळे "डॉक्टर, एमआरआय काढू का?" या प्रश्नाला माझं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच असतं.

इथे थोडं सबुरीने घ्या. २०१७ मध्ये बॉस्टनच्याच गटाने या लीगमधल्या १११ खेळाडूंचे मेंदू तपासले आणि ११० मध्ये सीटीई आढळला. आकडा भीतिदायक आहे, पण ते मेंदू बहुतेक त्रास होत असलेल्यांच्या घरच्यांनी दिलेले होते. म्हणजे प्रत्येक खेळाडूला हा आजार होतोच, असं नाही. ड्युअरसनच्या आयुष्यात जे बिघडलं ते सगळं याच आजाराने, असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आणि कबड्डी म्हणजे अमेरिकन फुटबॉल नव्हे. मुळशीतल्या पोरांनी खेळणं सोडावं असं मला मुळीच वाटत नाही.

पण डोक्याला मार लागून चक्कर आली, क्षणभर काही सुचलं नाही, प्रसंग आठवेना, तर त्या दिवशी पुन्हा मॅटवर उतरायचं नाही. शुद्ध हरपलीच पाहिजे असं नाही. पहिला मार भरायच्या आत बसलेला दुसरा मार जास्त घातक ठरू शकतो. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, हातापायात अशक्तपणा किंवा गुंगी यातलं काहीही दिसलं तर माझ्याकडे न येता थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा. बाकीच्यांनी एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी, मग हलकं चालणं, मग पळणं, आणि पकडीचा सराव डॉक्टरांनी पाहिल्यावरच. आणि घरातलं कुणी, खेळाडू असो वा नसो, जगणं नकोसं झाल्यासारखं बोलत असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास सुरू असतो. मराठीतही बोलता येतं.

तो कोपरारक्षक दहा दिवसांनी पुन्हा आला. डोकेदुखी थांबली होती, स्कोअर मात्र अजूनही आठवत नव्हता. मित्रांनी सांगितला, दोन गुणांनी हरले होते.