टोपी, केस आणि बगळा

बायकांच्या टोप्यांच्या इतिहासाकडे मी वळलो तो बगळ्यांमुळे. विणीच्या हंगामात बगळ्याच्या पाठीवर जाळीदार, तलम पिसे फुटतात. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेत ती टोप्यांवर डुलत होती. १९०३ साली अमेरिकेत शिकाऱ्याला औंसभर पिसांचे ३२ डॉलर मिळत. म्हणजे सोन्याच्या दीडपटीहून अधिक. पिसे ऐन विणीतच मिळत असल्याने नर-मादी मारले जात आणि घरट्यातली पिले उपाशी मरत.

१९०७ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर ‘द मेरी विडो’ आले. त्यात लिली एल्सी या नटीसाठी ल्युसील यांनी केलेल्या रुंद टोपीचे वेड सर्वत्र पसरले. एवढी टोपी डोक्यावर टिकवायची, तर आत भर घालून केस फुगवायचे आणि त्यांत लांबलचक पिना खुपसायच्या. या पिना शेजाऱ्यांना लागत. म्हणून १९१० मध्ये शिकागो शहराने टोपीबाहेर येणाऱ्या टोकांवर बंधन घातले.

कायद्यांमुळेच या टोप्या गेल्या, असे मी बरीच वर्षे समजत होतो. इतिहासाचे रीतसर शिक्षण मला नाही; सनावळ्या शेजारी शेजारी मांडून पाहणे एवढीच माझी पद्धत. हिंदुस्थान सरकारने पिसांची निर्यात रोखली १९०२ मध्ये. तरी चोरटा व्यापार चालूच राहिला. अमेरिकेने आयात थांबवली १९१३ मध्ये. ब्रिटनचा कायदा झाला १९२१ मध्ये. तोवर महायुद्ध होऊन गेले होते आणि बायका केस आखूड कापू लागल्या होत्या. फुगवलेले केसच उरले नाहीत, मग पिन खुपसायची कशात? घंटेच्या आकाराची, कपाळापर्यंत घट्ट बसणारी क्लोश टोपी आली. टोपी लहान केली ती कात्रीने.

मग कायदा व्यर्थ ठरला का? नाही. फॅशन फिरून येते. रुंद टोप्याही पुढे आल्या. पण बगळ्याच्या पिसांची बाजारपेठ परतली नाही, ती कायद्यामुळे. आणि त्या कायद्यामागेही बायकाच होत्या. १८८९ मध्ये मँचेस्टरजवळच्या डिड्सबरीत एमिली विल्यमसन यांनी पिसे न वापरण्याची शपथ घेणाऱ्या स्त्रियांची संघटना उभारली. १८९६ मध्ये बॉस्टनच्या हॅरिएट हेमनवे आणि मिना हॉल यांनी ओळखीपाळखीच्या स्त्रियांना चहाला बोलावून तेच काम आरंभले.

टोप्यांच्या इतिहासात ल्युसील यांचे नाव येते. त्याच पानावर या तिघींचीही नावे यायला हवीत.