तीन चटयांची खोली

२०१२ साली कामानिमित्त तीन महिने टोकियोत होतो. राहण्याचा भत्ता ठरलेला, वाचेल तो आपला. मग काय, पहिल्याच आठवड्यात मी एक्सेलमध्ये तक्ताच केला. भाडं, आकार, न्हाणीघर, इंटरनेट, स्टेशनपासूनचं अंतर. मध्यमवर्गीय हिशेबीपणा परदेशातही सुटत नाही, हेच खरं!

पहिली खोली बिझनेस हॉटेलातली, रात्रीचे साडेसहा हजार येन. टब, बेसिन, कमोड सगळं एकाच प्लॅस्टिकच्या खोक्यात. गंमत म्हणजे या खोक्यालाही इतिहास आहे. १९६४ च्या ऑलिम्पिकआधी टोकियोत हॉटेल न्यू ओतानी घाईघाईने उभं राहत होतं. हजाराहून जास्त बाथरूम्स जागेवर बांधत बसायला वेळ नव्हता. म्हणून कारखान्यात तयार करून आणली आणि बसवली. पुढे तीच युक्ती साध्या हॉटेलांत आणि घरांतही पोचली.

दुसरी 'खोली' म्हणजे कॅप्सूल. मीटरभर रुंद, मीटरभर उंच, दोन मीटर लांब. साडेतीन हजार येन. किशो कुरोकावा या नामांकित वास्तुकाराने १९७९ मध्ये ओसाकात असलं पहिलं हॉटेल उभारलं. शेवटची लोकल चुकलेल्या नोकरदारांची त्यात सोय झाली. एक रात्र ठीक, पण महिनाभर? चार दिवसांत पाठ धरली.

शेवटी सापडली सान्यातली खोली. मिनामी-सेंजू स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, बावीसशे येन. तीन तातामी चटया, म्हणजे जेमतेम ५० चौरस फूट. न्हाणीघर सगळ्यांत एकच. तक्त्यात हिने बाजी मारली.

नकाशात मात्र सान्या सापडेना. सापडणार कसं? १९६६ मध्ये पत्त्यांतून ते नावच काढून टाकलंय. साठच्या दशकात खेड्यांतून हजारो पुरुष इथे यायचे. पहाटे रस्त्यावर उभं राहायचं, मुकादम नेईल तिथे जायचं. ऑलिम्पिकसाठी टोकियोत रस्ते, पूल, इमारती उठत होत्या, त्यावर असले रोजंदारीचे हात राबले. रात्री ते या खोल्यांत झोपत. धर्मशाळा किंवा खानावळवजा मुक्कामाला जपानीत 'यादो' म्हणतात. मजुरांनी शब्द उलटा केला : 'दोया'. माणसाने राहावं अशी ती जागा नव्हे, असा त्यातला टोमणा.

नव्वदच्या दशकात मंदी आली, कामं आटली, मजूर म्हातारे झाले. खोल्या रिकाम्या पडू लागल्या. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या सुमारास काही मालकांनी त्या परदेशी प्रवाशांना द्यायला सुरुवात केली. अशा रीतीने मी तिथे पोचलो!

शेजारच्या खोलीत एक आजोबा होते. सरकारी मदतीवर राहायचे. न्हाणीघराबाहेर माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत गप्पा व्हायच्या. एकदा मी खोली फार लहान असल्याची तक्रार केली. किती दिवस आहेस, त्यांनी विचारलं. तीन महिने म्हणालो. ते हसले. "मी एका हिवाळ्यासाठी आलो होतो."

मला एकदम माझे आजोबा आठवले. लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत वळकटी टाकून, पाळीप्रमाणे जागा बदलत झोपायचे. दोन-चार वर्षं गिरणीत काढू, मग गावी परत, असंच तेही म्हणत आले होते. १९८२ च्या संपापर्यंत तिथेच राहिले. त्या खोलीबद्दल मी त्यांना कधीच काही विचारलं नाही.

उरलेला मुक्काम मी सान्यातच केला. वाचलेल्या भत्त्यातून एक चांगला कॅमेरा घेतला. निघायच्या दिवशी आजोबांचा फोटो काढावासा वाटला, पण विचारायचा धीर झाला नाही. वाकून नमस्कार केला आणि निघालो.

तो तक्ता अजून माझ्याकडे आहे. सान्याची खोली इतकी स्वस्त का, हे मात्र त्यात कुठेच लिहिलेलं नाही.