आभाळ चारी बाजूंनी सारखं आहे का?



शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. ती खरी कधी ठरते? सगळ्या पातेल्यातला भात सारखा शिजला असेल तरच. शास्त्रज्ञांनीही विश्वाबद्दल असंच धरलं होतं: कुठल्याही दिशेला पाहा, विश्व सारखंच. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं, हा हिशेबही त्यावरच उभा आहे. पण हे तपासायचं कसं?

१९६४ साली अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन एका मोठ्या कर्ण्यासारख्या अँटेनावर काम करत होते. त्यात सतत बारीक खरखर यायची. अँटेना कुठेही वळवा, दिवस असो की रात्र, उन्हाळा असो की हिवाळा, खरखर तेवढीच. आत कबुतरांनी घर केलं होतं. ती हाकलली, घाण साफ केली, तरी खरखर राहिलीच.

१९६५ साली उलगडा झाला. विश्व अगदी लहान आणि तापलेलं होतं, तेव्हाची ती ऊब होती. चूल विझल्यावर राख कोमट राहावी तशी. आता ती उणे २७० अंशांवर आली आहे. जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या ना, त्यातही तिचा थोडा अंश असे. या शोधाला १९७८ साली नोबेल मिळालं.

पुढे मोजमाप बारीक झालं. १९७७ साली जॉर्ज स्मूट आणि सहकाऱ्यांनी उंच उडणाऱ्या विमानातून मोजलं, तर आभाळाची एक बाजू किंचित उबदार, समोरची किंचित थंड. मग विश्व एकसारखं नाही का? तसं नव्हतं. पावसात पळताना आपली पुढची बाजू जास्त भिजते, तसंच हे. आपली सूर्यमाला सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने धावते आहे.

हा फरक वजा केला आणि १९९२ साली ‘कोबी’ उपग्रहाची मोजणी जाहीर झाली. उरलेला फरक लाखात एक भाग, एवढाच. पण तोच मोलाचा! जिथे कणभर जास्त होतं, तिथे आणखी गोळा होत गेलं. त्यातून तारे, सूर्य, आपली पृथ्वी घडली. सगळं तंतोतंत सारखं असतं, तर आपण नसतोच.

परीक्षा अजून संपलेली नाही. फार दूरच्या तेजस्वी दीर्घिका मोजल्या, तर दोन बाजूंतला फरक अपेक्षेपेक्षा जास्त भरतो, असं काहींना अलीकडे आढळलं आहे. म्हणून पातेल्याच्या कडेकडेची शितंही अजून दाबून पाहिली जात आहेत.