ससाण्याला शिकार कोण शिकवते?

ससाण्याचे पिल्लू पिसे फुटण्याआधीच घरट्यातून उचलावे आणि हाताने भरवावे, म्हणजे ते माणसाला कायमचे लागते आणि शिकारीला सर्वांत भरवशाचे ठरते, अशी समजूत आहे. तिचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध त्यातून निघत नाही.

पिल्लाला माणसाचा लळा लागतो, हे मान्यच. पण प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी हंसांच्या पिल्लांवर दाखवून दिलेला हा ठसा स्वामिनिष्ठेचा नव्हे. असा ससाणा माणसाला आधी आईबाप, मग भावंड, वयात आल्यावर जोडीदार समजतो. म्हणून मोठा झाला तरी तो अन्नासाठी किंचाळत राहतो, भक्ष्यावर पंख पसरून बसतो आणि हात जवळ आला की नख्या रोवतो. बाजाच्या बाबतीत काही अनुभवी बाजदार, म्हणजे शिकारी पक्षी पाळणारे, हा ठसा मुद्दाम उमटवतात, कृत्रिम पैदाशीतही त्याचा उपयोग होतो. पण त्यासाठी काटेकोर शिस्त लागते. नुसती माया पुरत नाही.

जुन्या जाणकारांची पसंती वेगळीच होती. तेराव्या शतकात पवित्र रोमन सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने पिल्ले आईबापांजवळ जितकी अधिक राहतील तितकी बरी, असे लिहून ठेवले. नेदरलँड्समधील वाल्केन्सवार्डचे पारधी तर युरोपच्या दरबारांना शरदात स्थलांतर करणारे ससाणे धरून पुरवत. माळावरच्या खोपटात पारधी दबा धरून बसे आणि बाहेर बांधलेला खाटीक पक्षी दूरच्या ससाण्याची चाहूल त्याला आधी देई. या पक्ष्यांनी वाऱ्यात झडप घालण्याची कला आधीच कमावलेली असे. माणसाळवणे तेवढे उरे.

मग ही कला आईबापच शिकवतात का? तेही पूर्ण खरे नाही. १९६० च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या पूर्वेस बहिरी ससाण्याची एकही जोडी वीण करत नव्हती. डीडीटी या कीटकनाशकाने अंड्यांची कवचे पातळ केली होती. १९७० च्या दशकात पक्षिशास्त्रज्ञ टॉम केड आणि सहकाऱ्यांनी बंदिस्त पैदाशीतली पिल्ले मनोऱ्यांवरच्या पेट्यांत ठेवली. अन्न देणारा माणूस त्यांना दिसू नये, एवढी काळजी घेतली. पेटी उघडल्यावर पिल्ले आधी जवळपास भरकटली, एकमेकांचा पाठलाग केला, कीटक आणि पाखरांवर झडपा टाकल्या, चुकली, पुन्हा झेपावली. अन्न मात्र काही आठवडे पेटीवर मिळतच राहिले. बाजदारांची ही जुनीच रीत. शिकवायला तिथे ना आईबाप होते ना माणूस, तरी त्यांतले कित्येक पक्षी जगले आणि पुढे त्याच प्रदेशात घरटी करू लागले.