तंबूतलं घर

माझ्या लहानपणी आमच्या एका काकांना मनाचा आजार झाला. त्यांना लांबच्या गावी मनोरुग्णालयात पोचवण्यात आलं आणि त्यानंतर घरात त्यांचं नावच निघेनासं झालं. दिवाळीला आजी त्यांच्या वाटणीचा फराळ डब्यात भरून ठेवी. तो घेऊन जायला मात्र कोणी तयार नसे. रुग्णालय आम्हाला बोलवत नव्हतं आणि आम्हीही जात नव्हतो.

पुढे अमृतसरची हकिकत वाचनात आली, तेव्हा तो डबा आठवला. देशाची फाळणी झाली, तशी मनोरुग्णांचीही झाली. १९५० मध्ये लाहोरच्या मनोरुग्णालयातले हिंदू आणि शीख रुग्ण भारतात आणले गेले. मंटो यांच्या ‘टोबा टेक सिंग’ या कथेमुळे ही अदलाबदल पुष्कळांना ठाऊक आहे. त्यानंतरची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. पन्नासच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात माणसं फार आणि जागा अपुरी अशी अवस्था होती. तिथले प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही राहायला बोलावलं. आई, भाऊ, बायको तंबूत राहून रुग्णाची देखभाल करत. डॉक्टर सगळ्यांना एकत्र बसवून आजार समजावून सांगत, त्यांच्या शंका ऐकत. रुग्ण लवकर सावरू लागले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घरच्यांची भीती गेली आणि ते आपलं माणूस परत घरी नेऊ लागले.

त्याच सुमारास पाश्चात्त्य देशांतही कुटुंबाकडे लक्ष वळलं होतं, पण बरंचसं संशयाने. आईच्या वागण्यातून स्किझोफ्रेनिया होतो, असं तेव्हा काही मोठे तज्ज्ञ मानत. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, घरातल्या परस्परविरोधी बोलण्यात या आजाराचं मूळ असावं, असा सिद्धान्त मांडला. तो पुढे टिकला नाही. दरम्यान कितीतरी आयांनी मात्र हा ठपका सोसला. या साऱ्या विचारातून एक गोष्ट हाती लागली. माणूस एकटा आजारी असला, तरी घरातले सगळेच एकमेकांच्या वागण्यात गुंतलेले असतात.

लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या माणसांचा अभ्यास केला. सततची टीका, राग किंवा अति काळजी असलेल्या घरांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे घर आजार निर्माण करत नाही, पण आजारी माणसाला सावरू शकतं किंवा खचवू शकतं.

आजची कुटुंबोपचार पद्धत याच पायावर उभी आहे. वडील ओरडतात म्हणून मुलगा खोलीचं दार लावून घेतो, आणि तो दार लावतो म्हणून वडील आणखी ओरडतात. दोघांनाही विचारा, सुरुवात समोरच्याने केलेली असते! समुपदेशक निवाडा करत नाही. सर्वांना समोरासमोर बसवून तो हे चक्र दाखवतो आणि विचारतो, ‘यात तुम्ही स्वतः काय थोडं बदलू शकाल?’ वडिलांनी एक दिवस न ओरडता फक्त ‘जेवायला ये’ म्हटलं, तरी चक्राची एक फेरी चुकते. अर्थात घरात मारहाण होत असेल, तर आधी मार खाणाऱ्याला सुरक्षित करायला हवं. समोरासमोर बसणं नंतर.

बंगळूरच्या निमहान्समध्ये १९७७ साली कुटुंबांसाठी स्वतंत्र केंद्र सुरू झालं. २००४ च्या ‘देवराई’ चित्रपटाने आजारी भावाला सांभाळणारी बहीण मराठी प्रेक्षकांसमोर आणली. तरीही समुपदेशकाकडे चला म्हटलं, की पुष्कळ घरांत पहिला प्रश्न येतो, ‘आम्हाला कशाला? आजारी तो आहे.’

आमच्या घरीही हेच म्हटलं गेलं होतं. काका तिथेच वारले. आमच्यात कोणी दुष्ट नव्हतं, पण आम्हाला आत बोलावणारा तंबू नव्हता आणि तो आम्ही मागितलाही नाही. तुमच्या घरात कोणी दार लावून बसलं असेल, तर ‘चूक कोणाची’ हा वाद थोडा वेळ बाजूला ठेवा आणि सगळे मिळून जा. फराळाचा डबा वेळेवर पोचला पाहिजे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)