बुलेटच्या इंजिनातले रेडिच

बुलेट विलायती की मद्रासी, हा वाद आमच्या गुरुकुंज मोझरीत नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर मिटत नाही. पुरावा इंजिनात असतो. घरामागच्या शेडमध्ये मी जुनी साडेतीनशे खोलली. 70 मिलिमीटर बोअर, 90 स्ट्रोक, 346 सीसी. हे माप इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या रॉयल एनफिल्डचे. मद्रासला 1955 साली जुळणी सुरू झाली, पुढे सुटे भागही तिथेच घडू लागले. रेडिचचा कारखाना 1967 साली बंद पडला. मद्रासचा चालत राहिला. म्हणूनच या इंजिनाचा पिस्टन आजही मिळतो.

काही नटांना 13 चा पाना बसत नाही, 14 चा घसरतो. तिथे व्हिटवर्थचा पाव इंची पानाच लागतो. त्याचा आकडा नटाच्या रुंदीचा नव्हे, बोल्टच्या जाडीचा.

खरा पेच कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाशी आला. रेडिचने तिथे तरंगता बुश दिला होता : रॉड आणि क्रँकपिन यांच्यामध्ये, तेलाच्या थरावर मोकळा फिरणारा. तेल खराब झाले की आधी तोच झिजतो.

“रोलर टाका न भाऊ, कटकट मिटते,” लेथवाले म्हणाले. व्यवहाराने त्यांचे बरोबरच होते. पण रोलर घातला, तर रेडिचची ही खूण इंजिनातून कायमची जाते. मी बुशच बसवला. तेल आता दर 2,000 किलोमीटरला बदलतो.