चुन्याची निवळी आणि मक्याचा दाणा

स्पेनच्या दर्यावर्दींनी अमेरिकेतून किती सोनेरुपे नेले याची मोजदाद दप्तरांत बारकाईने नमूद आहे. परंतु त्यांच्याच गलबतांतून जो मक्याचा दाणा युरोपात गेला, त्याच्याबरोबर जावयास हवी होती ती विद्या मागेच राहिली, आणि तिच्या अभावाचे मोल पुढे लक्षावधी गरिबांना भरावे लागले.

हा दाणा निसर्गाने आयता दिलेला नाही. मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात आजही उगवणाऱ्या तेओसिन्ते नामक रानगवताच्या कणसात कठीण कवचांत बंदिस्त असे जेमतेम पाच ते बारा दाणे असतात. पिढ्यान्‌पिढ्या निवडून पेरलेल्या त्याच गवतातून मका सिद्ध झाला. त्या खोऱ्यातील शिवातोष्त्ला येथील शैलाश्रयात सापडलेल्या दळणाच्या दगडांवर सुमारे ८,७०० वर्षांपूर्वीच्या मक्याचे पिष्टकण आढळले, आणि ओआहाका प्रांतातील गिला नाकित्स गुहेतली बोटाहून आखूड कणसे सुमारे ६,२५० वर्षांची ठरली.

तथापि हा मका घडविणाऱ्या लोकांच्या बुद्धिवैभवाची खरी साक्ष, माझ्या मते, शेतापेक्षा चुलीपाशी अधिक मिळते. वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच मुरू द्यावयाचे, सकाळी बोटांनी चोळताच सुटणारी सालपटे धुऊन टाकावयाची, आणि मग गुडघे टेकून ‘मेताते’ या दगडी पाट्यावर ते वाटावयाचे, ही तेथील स्त्रियांची वहिवाट. या पिठाला चिकटपणा येतो, म्हणूनच ‘तोर्तिया’ ही पातळ भाकरी न तुटता थापता येते. उत्तरेकडे ॲरिझोनातील होपी स्त्रिया चुन्याऐवजी झुडपांची राख वापरतात आणि निळ्या मक्याचे पातळ पीठ तापल्या शिळेवर उघड्या हाताने सारवून कागदासारखी ‘पिकी’ काढतात. जोडीला घेवडा आणि भोपळा असे. आहाराची उरलेली उणीव त्यांनी भरून निघे.

युरोपने मका घेतला, चुना घेतला नाही. १७३५ साली आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याने मक्यावर जगणाऱ्या दरिद्री रयतेत कातडी सोलवटणारा एक विकार पाहिला. तोच पेलाग्रा. उत्तर इटलीतील शेतमजुरांना त्याने शतकभराहून अधिक काळ ग्रासले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागात त्याने हाहाकार उडविला. जोसेफ गोल्डबर्गर यांनी हा दोष संसर्गाचा नसून आहाराचा आहे असे प्रयोगांनी दाखविले, आणि १९३७ साली त्यावरील उपाय म्हणून नायासिन हे जीवनसत्त्व निश्चित झाले. मक्यात ते असतेच, पण बद्ध स्वरूपात. चुन्यात किंवा राखेत शिजविल्याने ते मोकळे होऊन अंगी लागते. चुन्याचा हा संस्कार ग्वाटेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावर किमान तीन सहस्र वर्षांपूर्वी रूढ असावा, असे तेथील अवशेषांवरून अनुमान निघते.

पाककृतींच्या सदरात ढकललेले हे ज्ञान रसायनशास्त्राच्या इतिहासात पहिल्या प्रकरणांत यावयास हवे.